डीएनएच्या रेणूंमधील बल : खारट पाण्यात तोलली जाणारी ओढ

मालवण : पावसाळ्यात कर्ली नदी तांबड्या मातीचे गढूळ पाणी घेऊन देवबागच्या मुखाशी येते. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण दीर्घकाळ तरंगत राहतात. मात्र समुद्राचे खारे पाणी त्यात मिसळू लागले की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसू लागतात. खाडीमुखाशी गाळ साचण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतप्रभार असतो. सारख्याच प्रभारामुळे ते परस्परांना दूर सारतात. खाऱ्या पाण्यातील धन आयन त्यांच्याभोवती गोळा झाले की हे प्रतिकर्षण झाकले जाते आणि जवळ आलेले कण एकत्र येतात.

नेमका हाच प्रभार आणि हेच खारे पाणी प्रत्येक सजीवाच्या पेशीतही आपले काम करीत असते. आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनएचा रेणूही ऋण प्रभाराने भारलेला असतो आणि पेशीतील पाणीही क्षारयुक्त असते. डीएनएचे दोन रेणू एकमेकांना किती जोराने दूर सारतात, त्याचे दोन धागे एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात आणि मिठाचे प्रमाण बदलले की या बलांचे काय होते, हे मोजण्याचे शास्त्र गेल्या चार दशकांत विकसित झाले आहे. तापाच्या रुग्णाच्या रक्तातील विषाणू ओळखणारी चाचणीही याच बलांवर उभी असल्याने हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

दोन पेडांचा पीळ

कोकणात काथ्यापासून सुंभ वळताना दोन पेड एकमेकांभोवती पिळले जातात. डीएनएची रचनाही ढोबळमानाने अशीच आहे. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये ही दुपेडी रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळविलेल्या प्रतिमांचा त्यात निर्णायक वाटा होता.

या दोरीची जाडी अवघी २ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग. दोन पेडांच्या मधोमध ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार 'अक्षरां'च्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे बसलेल्या असतात. ॲडेनिनची जोडी थायमिनशी आणि ग्वानिनची सायटोसिनशीच जुळते. पहिल्या जोडीत दोन, तर दुसऱ्या जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात. लगतच्या दोन पायऱ्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते आणि सुमारे साडेदहा पायऱ्यांनंतर दोरीचा एक पीळ पूर्ण होतो.

दोन्ही पेडांचा बाहेरचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा बनलेला असतो. प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. म्हणजेच दर ०.३४ नॅनोमीटरला दोन ऋण प्रभार, अशी ही विलक्षण दाट प्रभाराची दोरी आहे. मानवाच्या एका पेशीतील सर्व डीएनए सलग जोडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. आणि तो सामावतो मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पटी एवढ्याच व्यासाच्या केंद्रकात. परस्परांना दूर सारणारी ही दोरी एवढ्या लहान जागेत कशी मावते, हा प्रश्न बलांच्या मोजमापाशिवाय सुटणारा नव्हता.

बल किती सूक्ष्म?

शंभर ग्रॅम वजनाची वस्तू हातावर ठेवली असता जाणवणारे बल सुमारे १ न्यूटन असते. डीएनएच्या बाबतीत वापरले जाणारे एकक पिकोन्यूटन हे आहे. न्यूटनचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक पिकोन्यूटन. रक्तातील एका तांबड्या पेशीचे वजन साधारण एवढे असते. जेवणातील मिठाच्या एका बारीक कणाचे वजनही काही लाख पिकोन्यूटन भरते.

अडचण केवळ लहानपणाची नाही. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत धडका देत असतात आणि त्यामुळे डीएनए कधीच स्थिर राहत नाही. या धडकांमुळे सैल गुंडाळलेला रेणू सरळ करण्यास १ पिकोन्यूटनपेक्षाही कमी बल पुरते. म्हणून मोजमापाचे साधन असे हवे, की जे या अखंड थरथरीतूनही खरी ओढ वेगळी काढू शकेल.

मोजमापाची साधने

या कामासाठी प्रामुख्याने तीन साधने वापरली जातात. तिन्हींमागील तत्त्व मासळी बाजारातील ताणकाट्याचेच आहे. स्प्रिंग किती ताणली गेली हे पाहायचे आणि त्यावरून ओढ किती हे काढायचे.

पहिले साधन अणुबल सूक्ष्मदर्शक. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी १९८६ मध्ये ते जगासमोर आणले. एका टोकाशी घट्ट बसविलेली अत्यंत बारीक लवचीक पट्टी आणि तिच्या मोकळ्या टोकाला सुईसारखे अणकुचीदार टोक, अशी त्याची रचना असते. टोकाला डीएनएचा एक धागा आणि खालच्या पृष्ठभागाला त्याचा जोडीदार धागा बांधतात. दोन्ही जुळल्यावर पट्टी वर उचलली की ती वाकते. पट्टीवरून परावर्तित होणारा लेसर किरण किती सरकला यावरून बल कळते.

दुसरे साधन प्रकाशाचा चिमटा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्ये प्रकाशाच्या दाबाने सूक्ष्म कण हलवून दाखविले आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह एकाच लेसर झोताने कण पकडून ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. झोत जेथे एकवटतो तेथे सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा प्लास्टिकचा मणी अडकून राहतो. मण्याला डीएनएचे टोक बांधून ओढ दिली की मणी झोताच्या मध्यापासून किंचित सरकतो आणि हे सरकणे बलाच्या प्रमाणात असते. या कार्यासाठी ॲश्किन यांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९६ वर्षांचे होते.

तिसरे साधन चुंबकीय चिमटा. त्यात चुंबकीय मणी वापरतात. चुंबक जवळ-दूर करून ओढ बदलता येते आणि चुंबक फिरवून रेणूला पीळही देता येतो. कार्लोस बुस्टामान्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये चुंबकीय मण्यांच्या मदतीने डीएनएचा एकच रेणू ताणून त्याची लवचिकता मोजली. एकेका रेणूवरील बलमापनाच्या इतिहासात हा प्रयोग मैलाचा दगड ठरला.

उलगडणे आणि ओढणे

दोन पेड वेगळे करण्याचे दोन मार्ग आहेत. एका टोकाशी दोन्ही पेड धरून ते एकेक पायरीने सोडवत न्यायचे, किंवा एक पेड एका टोकाने आणि दुसरा पेड विरुद्ध टोकाने धरून दोन्ही सरळ ओढायचे. पहिल्या मार्गात एका वेळी एकच पायरी ताण सोसते. दुसऱ्यात अनेक पायऱ्या मिळून ताण वाटून घेतात. रापण ओढताना दोर एकाच रापणकराच्या हाती असणे आणि त्याला अनेकांचे हात लागणे यात जो फरक, तोच येथे आहे.

वॉशिंग्टन येथील नौदल संशोधन प्रयोगशाळेतील गिल ली, लिंडा क्रिसी आणि रिचर्ड कोल्टन यांनी १९९४ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाने परस्परपूरक धाग्यांमधील बल प्रथमच थेट मोजल्याचे जाहीर केले. फ्रान्समधील गटाने १९९७ मध्ये डीएनएचा लांब रेणू एका टोकापासून उलगडत नेला, तेव्हा त्यासाठी सुमारे १२ ते १५ पिकोन्यूटन बल लागत असल्याचे दिसले. विशेष म्हणजे हे बल सर्वत्र सारखे नव्हते. ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्या अधिक असलेल्या भागात ते वाढत होते, तर ॲडेनिन-थायमिनच्या भागात घटत होते. म्युनिकच्या गटाने १९९९ मध्ये केवळ एकाच प्रकारच्या जोड्या असलेले रेणू तपासले, तेव्हा पहिल्या प्रकारासाठी सुमारे २० आणि दुसऱ्यासाठी सुमारे ९ पिकोन्यूटन असे आकडे मिळाले. दोन आणि तीन बंधांमधील फरक असा तराजूवर उतरला.

सरळ ओढण्याचे निष्कर्ष वेगळे होते. दहा ते तीस पायऱ्यांचे छोटे तुकडे तुटण्यासाठी साधारण २० ते ५० पिकोन्यूटन बल लागले आणि तुकडा जेवढा लांब तेवढे बल अधिक. लांब रेणूला ताण देत नेल्यावर सुमारे ६५ पिकोन्यूटनला तो एकाएकी आपल्या लांबीच्या १.७ पट ताणला जातो, असे १९९६ मध्ये अमेरिकेतील आणि फ्रान्समधील गटांनी स्वतंत्रपणे दाखविले.

रेणू रेणूला का दूर सारतो?

वरील बले एकाच रेणूच्या दोन पेडांमधील होत. दोन स्वतंत्र दुपेडी रेणूंमधील बल हा वेगळा विषय आहे. अमेरिकेतील डोनाल्ड राऊ, ब्युंगकूक ली आणि ॲड्रियन पार्सेजियन यांनी १९८४ मध्ये त्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती मासे खारवणाऱ्यांना लगेच कळेल अशी होती. मीठ लावले की माशातील पाणी बाहेर खेचले जाते आणि मासा आकसतो. त्याचप्रमाणे डीएनएशेजारी एका बहुवारिकाचे संहत द्रावण ठेवल्यास ते डीएनएच्या गठ्ठ्यातील पाणी खेचून घेते व रेणू परस्परांजवळ दाबले जातात. दाब किती हे माहीत असते आणि रेणूंमधील अंतर क्ष-किरणांनी मोजता येते. दोन्हींवरून बल निघते.

या मोजमापातून दोन निराळी बले पुढे आली. रेणू दूर असताना विद्युत प्रतिकर्षण कार्य करते आणि ते मिठावर अवलंबून असते. प्रतिकर्षणाचा पल्ला पेशीतील क्षारतेला सुमारे ०.८ नॅनोमीटर, तर समुद्राच्या पाण्याएवढ्या क्षारतेला ०.४ नॅनोमीटरहूनही कमी असतो. नदीच्या गोड्या पाण्यात मात्र तो अनेक नॅनोमीटर असतो. रेणूंच्या मध्यरेषांमधील अंतर सुमारे ३ नॅनोमीटरपेक्षा कमी झाले की दुसरेच बल वरचढ होते. रेणूंना बिलगलेला पाण्याचा थर हटविण्यास लागणारे हे बल दर ०.३ नॅनोमीटरला सुमारे २.७ पटीने वाढते आणि मिठाच्या प्रमाणाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

पुढे २००७ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या गटाने डीएनएचे धागे रोवलेले दोन मणी प्रकाशाच्या चिमट्याने एकमेकांजवळ आणून त्यांच्यातील प्रतिकर्षण थेट मोजले. ॲमस्टरडॅमच्या गटाने २००६ मध्ये दोन रेणू एकाच वेळी चिमट्यांत धरले आणि त्यांना जोडणारी जीवाणूंमधील प्रथिने किती घट्ट धरतात हे तपासले.

येथे कर्लीच्या गाळाची उपमा थोडी आवरती घ्यावी लागते. साध्या मिठाने मातीचे कण एकत्र येतात. डीएनए मात्र अधिक हट्टी आहे. साधे मीठ त्याचे प्रतिकर्षण कमी करते, पण त्याच्या गुठळ्या होत नाहीत. त्यासाठी तीन किंवा अधिक धन प्रभार असलेले आयन लागतात. पेशीत आढळणारे स्पर्मिडीन आणि स्पर्मीन हे पदार्थ असेच आहेत. डीएनएचा सुमारे ९० टक्के प्रभार झाकला गेला की रेणू आपसूक गुंडाळला जातो, असे प्रयोगांत आढळले आहे. शाळांमध्ये कांद्यापासून किंवा केळ्यापासून डीएनए वेगळा काढताना मिठाबरोबर थंडगार अल्कोहोल घालावे लागते, त्याचेही हेच कारण. मीठ प्रभार झाकते आणि अल्कोहोलमुळे धागे एकत्र येऊन पांढरे तंतू दिसू लागतात.

मानवी पेशीत हे काम हिस्टोन नावाची धन प्रभाराची प्रथिने करतात. डीएनए त्यांच्याभोवती गुंडाळला जातो. काही विषाणूंना मात्र निव्वळ जोर लावावा लागतो. जीवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचा ६.६ मायक्रोमीटर लांबीचा डीएनए अवघ्या ५४ नॅनोमीटर लांबीच्या कवचात ठासून भरला जातो. हे काम करणारे रेणूयंत्र ५७ पिकोन्यूटनपर्यंत बल लावते, असे कॅलिफोर्नियातील बर्कले येथे २००१ मध्ये मोजण्यात आले.

भारतातील कार्य

डीएनए ओढून उलगडण्याच्या क्रियेचा सैद्धांतिक पाया घालण्यात भारतीय शास्त्रज्ञाचाही वाटा आहे. भुवनेश्वर येथील भौतिकी संस्थेचे सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी २००० मध्ये दाखविले, की ठरावीक मर्यादेपर्यंत ओढ सोसणारा रेणू ती मर्यादा ओलांडताच एकाएकी उलगडतो. बर्फ ठरावीक तापमानाला वितळावा, तसे हे स्थित्यंतर असते.

महाराष्ट्रातही पिकोन्यूटनचे मोजमाप होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांनी प्रकाशाच्या चिमट्याने पेशीतील 'हमाल' प्रथिनांची ताकद मोजली. अशा प्रथिनांपैकी कायनेसिनचा एक रेणू सुमारे ५ ते ६, तर डायनीनचा एक रेणू सुमारे १ पिकोन्यूटन बल लावतो. डायनीनचे रेणू मात्र चमूने काम करून ही उणीव भरून काढतात. या संशोधनासाठी मल्लिक यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. नंतर ते मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत शिवप्रसाद पाटील यांचा गट अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेका प्रथिनाची आणि नॅनोमीटरच्या फटीत अडकलेल्या पाण्याची यांत्रिक वर्तणूक अभ्यासतो. हे कार्य थेट डीएनएवरचे नसले, तरी साधने आणि तत्त्वे तीच आहेत.

माकडतापाची चाचणी आणि मिठाचे प्रमाण

या मोजमापाचा सिंधुदुर्गशी असलेला संबंध माकडतापामुळे स्पष्ट होतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. काजू बागायतीच्या हंगामात माणसे बागेत आणि रानात वावरत असतानाच गोचिडांचाही सुकाळ असतो. सुरुवातीच्या दिवसांत ही लक्षणे इतर तापांसारखीच असतात. त्यामुळे निदानासाठी रक्ताचे नमुने तपासावे लागतात आणि या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची भूमिका महत्त्वाची राहिली आहे.

या विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनए या एकपेडी रेणूत सुमारे ११ हजार अक्षरांत असते. आरटी-पीसीआर चाचणीत तिची प्रथम डीएनए प्रत केली जाते. त्यानंतर सुमारे ९५ अंश सेल्सियसला दोन पेड वेगळे केले जातात आणि तापमान उतरवून सुमारे वीस अक्षरांचे तयार तुकडे त्यांना जोडू दिले जातात. विषाणूची अक्षरे असतील तरच तुकडा घट्ट बसतो आणि प्रती वाढत जातात. प्रयोगशाळा येथे हाताने ओढत नाही, उष्णतेने ओढते. मात्र पेड धरून ठेवणारी बले तीच.

म्हणूनच चाचणीच्या द्रावणात पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मोजून घालावे लागतात. क्षार कमी पडले तर दोन धाग्यांमधील प्रतिकर्षण वाढते आणि योग्य तुकडाही सुटून जातो. क्षार जास्त झाले तर चुकीची जोडी असलेला तुकडाही चिकटून राहतो. पहिल्या चुकीत रुग्ण निरोगी ठरण्याचा, तर दुसरीत भलतेच निदान होण्याचा धोका असतो. तुकडा कोणत्या तापमानाला सुटेल याची गणिते पूर्वी डीएनएची द्रावणे तापवून केलेल्या प्रयोगांवर बेतलेली होती. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या गटाने एकेक रेणू प्रकाशाच्या चिमट्याने उलगडून, मिठाचे प्रमाण शंभरपटीपर्यंत बदलत, प्रत्येक प्रकारच्या जोडीची ऊर्जा स्वतंत्रपणे काढली. मीठ वाढले की उलगडण्यास लागणारे बलही वाढते, हे त्यातून आकड्यांत मांडले गेले आणि जुनी गणिते पडताळण्यासाठी वेगळी कसोटी उपलब्ध झाली.

बळकट, तरी सोडवता येणारी गाठ

डीएनएची बले अशा मापाची आहेत, की उष्णतेच्या सततच्या धडकांनी दुपेडी दोरी सहजासहजी उसवत नाही. आणि पेशीला माहिती वाचायची किंवा तिची प्रत काढायची असेल तेव्हा पेशीतील प्रथिने तिला आपल्या काही पिकोन्यूटनांच्या ताकदीने उलगडू शकतात. गाठ याहून सैल असती तर आनुवंशिक माहिती टिकली नसती. याहून घट्ट असती तर ती वाचताच आली नसती. हा तोल बव्हंशी अक्षरांच्या क्रमावर आणि भोवतालच्या पाण्यातील क्षारांवर राखला जातो. देवबागच्या मुखाशी गाळाला तळ दाखविणारे खारे पाणीच पेशीत या गाठीची घट्टी ठरवते, आणि दोडामार्गच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू आहे की नाही हे सांगणारी परीक्षानळीही त्याच पाण्यावर विसंबून असते.